नाडी

वॉर्डच्या दारातच त्यांनी त्याच्या बुटांच्या नाड्या काढून घेतल्या,
पट्टा, चार्जरची वायर, टोपीतली दोरीसुद्धा,
आणि पिशवीत घालून वर नाव लिहिलं.
स्पेलिंग चुकलं. त्यानं दुरुस्त केलं नाही.
सत्तेचाळीस वर्षांचा यशोधन, माझा धाकटा भाऊ,
पाय फरफटत आला, बुटांच्या जिभा बाहेर लोंबत,
म्हणाला, "ताई, बस ना."

ग्रिम्सबी. गोदीवरून वारा सुटला की
सगळं गावच मासळीनं घमघमायचं,
चर्च, लायब्ररी, शाळेचे पडदे,
आणि पोरं नाक दाबायची ती आम्हाला बघून.
बाबा इस्पितळात लोकांना भूल द्यायचे.
जेवताना विचारायचे, "कशी झाली शाळा?"
"छान."
एवढीशी भूल आम्हालाही देता यायची.

त्याचं सगळं उघड्यावर. तो अकरा वर्षांचा.
फुटलेला ओठ, सोललेलं कोपर, दप्तरात थुंकी.
डॅरन आणि आणखी दोघं त्याचा बूट काढून घ्यायचे,
रोज डावाच का, कोण जाणे,
आणि कुठेतरी भिरकावून द्यायचे.
ओला मोजा खिशात घालून तो घरी यायचा.
आई म्हणायची, मुलगेच ते, दंगा करणारच.

मला कुणी बोटही लावलं नाही.
मृदुलाचं 'मड' झालं, म्हणजे चिखल, एवढंच.
मग एके दिवशी ठरलं, आज हिच्याशी बोलायचं नाही.
तो एक दिवस फेब्रुवारीत उजाडला
आणि जूनपर्यंत मावळलाच नाही.
तक्रार करायला
निदान खरचटलेलं तरी हवं.

आता लीड्सला ऑफिस आहे, हाताखाली अकरा माणसं.
पण मी दार ढकलताच किचनमधलं हसू थांबलं
तर रिकामा कप घेऊन परत फिरते,
आणि रात्री दोनला उठून दिवसभराच्या ईमेल वाचते,
कुठल्या वाक्यात मी जास्त झाले ते शोधत.
त्याचं वेगळं. दोन नोकऱ्या त्यानं मुठीनं घालवल्या,
आणि फिओनाला, गप्प राहून.
ती सांगायची, दुहेरी गाठ मारतो बुटांना,
कधी कधी झोपतो तसाच.

तरुण डॉक्टरीणबाई. मांडीवर फॉर्म.
"लहानपणी काही घडलं होतं? मनावर राहिलेलं?"
"नाही. नॉर्मल होतं," तो म्हणाला.
तिनं माझ्याकडे बघितलं.
माझीही मान हलली.
छत्तीस वर्षांची सवय. छान.

ती गेल्यावर मी नवे बूट काढले, नऊ नंबरचे,
नाडी नसलेले, चिकटपट्टीचे,
आणि वाकून त्याच्या पायात घालताना,
वर न बघता, सांगून टाकलं.

जूनमधला तो बुधवार.
त्या दिवशी जोआननं मला भिंतीपाशी उभं राहू दिलं होतं,
त्यांच्यात नाही, पण त्यांच्या काठावर.
तू एका बुटावर मैदानभर लंगडत शोधत होतास.
मला दिसला होता रे तो,
सायकलींच्या शेडवर, पन्हळीत अडकलेला.
हाक मारली असती तर ती जागा गेली असती.
नाही मारली.

तो बराच वेळ पट्टी लावत बसला, उखडत बसला.
चर्र. चर्र.
"माहीत आहे," म्हणाला.
"तू वर बघितलंस ना,
म्हणून तर मला कळलं कुठे आहे ते."

भेटीची वेळ संपली. नर्सनं दार उघडून धरलं.
मी त्याचं मनगट धरून उभी होते, बाबा धरायचे तसं,
पण मोजत काही नव्हते.